जिंकावयास निघालेला पंडित : नीलकंठशास्त्री गोरे यांची वाणी आणि लेखणी

हिरण्यकेशीच्या काठी वसलेले आपले संकेश्वर परगावच्या माणसास बहुधा दोन गोष्टींमुळे ठाऊक असते. एक येथील मिरची आणि दुसरी म्हणजे शंकराचार्यांचा मठ. मिरचीचा तिखटपणा जिभेला कळतो. मठात पिढ्यान्‌पिढ्या जे खल झाले त्यांचा तिखटपणा ज्यांना सोसावा लागला त्यांनाच कळला. करवीर-संकेश्वर पीठाच्या अधिकारात येणाऱ्या मुलखात कोणी धर्माविरुद्ध वागला की नाही, वागला असल्यास त्यास प्रायश्चित्त कोणते, असा तंटा उठला म्हणजे तो पीठाकडे येई. शास्त्री बसत, आधार काढीत, दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकत आणि मग निर्णय होई.

अशा तंट्यांपैकी सर्वांत गाजलेला तंटा चहाच्या पेल्याचा होय. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा ठेवण्यात आला. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी पेल्यास नुसता हात लावला. पुढे नावांची यादी वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात एकच गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपुढे गेले. चौकशीसाठी जे दोन शास्त्री नेमण्यात आले त्यांत एक व्यंकटशास्त्री निपाणीकर होते. आपल्या निपाणीचे नाव असे त्या इतिहासात कायमचे गोवले गेले आहे.

आज आम्ही वाचकांस सांगणार आहोत ती हकीगत मात्र त्या चहाची नव्हे. पंचहौद मिशनशी ज्या अँग्लिकन संन्यस्त मंडळाचा निकट संबंध होता, त्याच मंडळाचा झगा अंगात घालून त्या काळी एक वृद्ध कोकणस्थ धर्मगुरू महाराष्ट्रात वावरत होते. ऐन तारुण्यात ते काशीचे नामांकित वादपटू होते आणि एका इंग्रज मिशनऱ्यास वादात पालथे पाडावे म्हणून घरून निघाले होते. त्यांचे नाव नीलकंठशास्त्री गोरे. पुढे ते फादर नेहेम्या गोरे म्हणून ओळखले जाऊ लागले. ते रोमन कॅथलिक नव्हते, हे आरंभीच सांगितलेले बरे. तथापि वाणीने जिंकावयास निघालेला माणूस लेखणीने सत्य शोधू लागला म्हणजे त्यास काय काय सोडावे लागते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने हे चरित्र वाचावे, असे आम्हांस वाटते.

काशीचा विद्यार्थी

नीलकंठ गोरे यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी बुंदेलखंडात, झाशीजवळच्या काशीपुरा नावाच्या खेड्यात झाला. घराणे कोकणस्थ ब्राह्मणांचे. पेशवाईच्या काळात कोकणातून आणि देशावरून जी मराठी कुटुंबे उत्तरेस गेली व तेथेच रुजली, त्यांपैकीच हे एक. नीलकंठाच्या आजोबांनी बांद्याच्या नवाबाच्या पदरी मोठ्या अधिकाराची जागा भूषविली होती. पुढे कुटुंब काशीस येऊन राहिले. घरी पैसा होता, दानधर्म होता आणि विद्येचा आदर होता. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि पाठशाळेत संस्कृत अशा तीन भाषांत मुलगा वाढला. आपल्या सीमाभागातील मुलांना, ज्यांच्या घरी मराठी आणि बाजारात कानडी असते, त्यांना ही तऱ्हा समजावून सांगावयास नको.

त्या काळच्या काशीत विद्या म्हणजे केवळ पाठांतर नव्हते. व्याकरण आणि न्याय शिकलेल्या तरुणास सभेत उभे राहून आपला पक्ष मांडता आला पाहिजे, प्रतिपक्ष्याचा हेतू कोठे लंगडा आहे हे तत्काळ ओळखता आले पाहिजे, अशी अपेक्षा असे. नीलकंठ ह्या विद्येत तयार झाला. विचाराची ओढ त्यास लहानपणापासूनच होती. घरची उपासना शिवाची. परंतु ह्या मुलाने ग्रंथ वाचून, स्वतः विचार करून विष्णूची भक्ती स्वीकारली. वडिलांच्या घरात राहून वडिलांच्या दैवताहून वेगळे दैवत निवडणे ही लहान गोष्ट नव्हे. जे पटले ते आचरावे, मग घरात कोणाचा रोष होवो, हा स्वभाव त्यात दिसून येतो. हाच स्वभाव पुढे त्यांस फार महाग पडावयाचा होता.

वाद, जल्प आणि वितंडा

पुढची हकीगत नीट उमजावी म्हणून येथे थोडे थांबून शास्त्रातील एक भेद सांगतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. ज्या चर्चेत दोन्ही पक्षांस सत्य हवे असते तो वाद. जीत एवढाच ज्याचा हेतू असतो, आणि त्यासाठी शब्दच्छलही चालतो, तो जल्प. आणि स्वतःचे काहीच मत न मांडता समोरच्याचे मत नुसते मोडीत काढणे ही वितंडा. आपण व्यवहारात तिन्हींना एकच नाव देतो. पण चावडीवर, पारावर, लग्नाच्या मांडवात आणि निवडणुकीच्या दिवसांत जे चालते त्यात पहिल्या प्रकाराचा वाटा किती असतो, हे वाचकांनीच ठरवावे.

ह्या शास्त्राचा दुसरा एक नियम असा की, स्वतःचे म्हणणे मांडण्यापूर्वी प्रतिपक्ष्याचे म्हणणे त्याच्याहूनही चांगल्या रीतीने मांडून दाखवावे. त्यास पूर्वपक्ष म्हणतात. त्यानंतर उत्तर, आणि शेवटी सिद्धान्त. आमच्या वाचकांस हे वाचून संत थॉमस अक्वायनस यांची आठवण होईल. तेराव्या शतकातील त्या महापंडिताने आपल्या मुख्य ग्रंथात नेमकी हीच रीत पाळली आहे. प्रत्येक प्रश्नाच्या आरंभी ते आपल्याविरुद्धचे आक्षेप क्रमाने नोंदवितात, मग आपले उत्तर देतात, आणि अखेर एकेका आक्षेपाचा परामर्श घेतात. काशी आणि पॅरिस ह्यांमध्ये किती समुद्र आहेत! तरी ज्यांस सत्याची चाड होती त्या दोन्ही ठिकाणच्या माणसांना एकच गोष्ट उमगली की, समोरच्याचे ऐकून घेतल्याशिवाय स्वतःचे सिद्ध होत नाही.

मिशनऱ्याच्या दारी

१८४४ च्या सुमारास एकोणीस वर्षांचा हा पंडित विल्यम स्मिथ नावाच्या मिशनऱ्याकडे गेला. स्मिथ हे काशीत राहून प्रवचने करीत. त्यांचा धर्म खोडून काढावा आणि त्यांस निरुत्तर करावे, एवढाच नीलकंठाचा हेतू होता. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर तो जल्पासाठी निघाला होता. स्मिथ ह्यांनी त्याच्याशी वाक्ताडन केले नाही. त्यांनी त्याच्या हाती वाचावयास पुस्तके दिली. त्यांत जॉन म्यूर ह्या स्कॉटिश संस्कृतज्ञाने १८३९ साली संस्कृत पद्यात रचलेला ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ होता.

म्यूर ह्यांनी खऱ्या धर्माच्या काही कसोट्या त्यात सांगितल्या होत्या. धर्मसंस्थापकाच्या ठायी अद्भुत सामर्थ्य असावे, शास्त्रात पावित्र्य असावे आणि ते शास्त्र एका जातीसाठी वा देशासाठी नसून सर्व मनुष्यजातीसाठी असावे, अशा त्या कसोट्या. ह्या ग्रंथाने तत्कालीन पंडितांत बरीच खळबळ उडविली. त्यास संस्कृतातूनच उत्तरे निघाली. ‘सोमनाथ’ ह्या नावाने निघालेले एक उत्तर सीहोरचे मराठी पंडित सुबाजी बापू ह्यांचे होते, असे अभ्यासक मानतात. दुसरे कलकत्त्याच्या हरचंद्र तर्कपंचानन ह्यांचे होते. आणि तिसरे आपल्या ह्या तरुण नीलकंठाचे. त्याचे नाव ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’.

येथे वक्ता प्रथम लेखक झाला, आणि तो ख्रिस्ती धर्माविरुद्ध लेखक झाला. ह्या ग्रंथातील आक्षेप पोरकट नाहीत. त्याने विचारले की, ज्यास पूर्वजन्म मान्य नाही त्याने जन्मतःच आंधळा असलेल्या बालकाच्या दुःखाचे कारण काय सांगावे? मुक्या जनावरांच्या यातनांचे काय? थोड्या वर्षांच्या आयुष्यातील पापासाठी अंत नसलेला नरक देणारा देव न्यायी कसा ठरतो? आणि मनुष्याची बुद्धी जर दुबळी आहे, तर शास्त्रावर श्रद्धा आधी हवी आणि तर्क तिच्यामागून हवा. नुसत्या तर्काने परमार्थ कसा गवसेल? आम्ही आमच्या घरांतून आजही हे प्रश्न ऐकतो. पाळण्यातले मूल दगावते तेव्हा श्रद्धाळू आईच्या तोंडूनही असाच एखादा प्रश्न बाहेर पडतो. तिला कोणी अश्रद्ध म्हणत नाही, म्हणूही नये.

परंतु लिहिण्याच्या उद्योगात एक जोखीम असते. सभेत बोलणाऱ्यास समोरच्याचे वाक्य तुटेपर्यंतच थांबावे लागते. लिहिणाऱ्यास ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचावे लागते. पूर्वपक्ष नीट मांडावा म्हणून नीलकंठशास्त्री ख्रिस्ती ग्रंथ वाचू लागले. खंडनासाठी वाचता वाचता त्यांच्या मनातील प्रश्नांची दिशा पालटली. प्रभू येशूचे डोंगरावरील प्रवचन त्यांच्या अंतःकरणात घर करून बसले. स्मिथ ह्यांच्याकडे त्यांचे जाणेयेणे चालूच राहिले, पण आता ते जिंकावयास जात नव्हते. जल्प संपून वाद सुरू झाला होता.

किंमत

हे परिवर्तन एका रात्रीत झाले नाही. त्यास तीनचार वर्षे लागली. मन अनेकदा मागेपुढे झाले. वडील जिवंत होते, आप्त होते, काशीसारखे गाव होते. ब्राह्मणाच्या मुलाने बाप्तिस्मा घेणे म्हणजे घराच्या दृष्टीने तो मरणे होय. अखेर १४ मार्च १८४८ रोजी, काशीत गडबड नको म्हणून जौनपूर येथे, त्यांचा बाप्तिस्मा झाला. नेहेम्या हे नाव त्यांनी घेतले. जुन्या करारातील नेहेम्याने यरुशलेमचा पडका तट पुन्हा उभारला होता. आपल्या पंडितास मात्र आधी स्वतःच्या घराच्या भिंती पडलेल्या पाहाव्या लागल्या.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्या पुढे त्यांच्याकडे आल्या व त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ११ सप्टेंबर १८५३ रोजी काशीत त्यांना मुलगी झाली. तिचे नाव एलन लक्ष्मी. मुलगी अवघ्या काही महिन्यांची असताना आई वारली. त्या काळच्या हिंदू घरात असे पोर आजीच्या, मावशीच्या, काकूच्या मांडीवर वाढले असते. गोऱ्यांच्या मुलीसाठी ती सर्व दारे बंद झाली होती. एका युरोपीय निळीच्या मळेवाल्याच्या कुटुंबाने तिला वाढविले. १८५७ च्या धामधुमीत त्या कुटुंबाची वाताहत झाली, तेव्हा स्टॉर्स नावाच्या मिशनरी कुटुंबाने तिला आपल्याकडे घेतले आणि पुढे इंग्लंडास नेले. बापाला मुलगी दुरावली. तत्त्वासाठी मनुष्याने सर्वस्व सोडले असे आपण सहज लिहून जातो. त्या सर्वस्वात एक तान्हे मूल असते, हे विसरता कामा नये. एलन १८८० साली भारतात परत आली, अमृतसर व अलाहाबाद येथे तिने सेवा केली आणि १९३७ साली तिचे निधन झाले. ती इंग्रजीत भक्तिगीते रचीत असे. तिचे एक गीत जगभरच्या प्रॉटेस्टंट मंदिरांतून गाइले गेले. बापाचा वारसा तिच्याकडे लेखणीच्याच रूपाने गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

१८५४ साली गोरे इंग्लंडास गेले. पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग ह्यांनी आदल्या वर्षी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यांच्यासोबत शिक्षक म्हणून गोरे ह्यांची योजना झाली होती. तेथे संस्कृतचे विख्यात अभ्यासक माक्स म्यूलर ह्यांची व त्यांची भेट झाली. म्यूलर ह्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे की, हा पंडित इंग्लंड पाहून हर्षित न होता खिन्न झाला होता. ख्रिस्ताचा उपदेश जेथे शतकानुशतके वाचला जातो तेथे लोक त्याप्रमाणे वागत असतील, अशी त्याची समजूत होती. लंडनच्या रस्त्यांवर त्यास तसे काही दिसले नाही. ख्रिस्ती म्हणवून घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हा प्रसंग स्वतःस लावून पाहावा. आपल्या शेजारी राहणाऱ्या हिंदू, लिंगायत, जैन व मुसलमान बांधवांना शुभवर्तमानाची जी प्रत वाचावयास मिळते ती बहुधा छापलेली नसते. ती म्हणजे आपलीच घरे आणि आपलेच व्यवहार होत.

लेखणी

गोरे स्वदेशी परतले. १८६० साली त्यांचा मुख्य ग्रंथ ‘षड्दर्शनदर्पण’ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी हिंदीत लिहिला. संस्कृतात लिहून पंडितांची वाहवा मिळविणे त्यांस अशक्य नव्हते; पण शास्त्रातील गहन विषय सामान्य शिकलेल्या माणसास कळावा, ही त्यांची इच्छा होती. न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, मीमांसा आणि वेदान्त ह्या सहाही दर्शनांची मते क्रमाने मांडून त्यांनी त्यांची तपासणी केली. वेदान्ताला त्यांनी सर्वांत अधिक जागा दिली. १८६२ साली फिट्झएडवर्ड हॉल ह्या अमेरिकन संस्कृतज्ञाने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि काशीच्या ह्या पंडिताचे नाव युरोपातील विद्वानांच्या अभ्यासिकांत पोहोचले.

हा ग्रंथ खंडनाचा आहे. त्यातील निष्कर्ष दर्शनांच्या अनुयायांस पटले नाहीत, पटण्याचे कारणही नव्हते. स्वतः लहानपणापासून ज्यात वाढले त्या विचाराविषयी गोरे क्वचित कठोरही झाले आहेत. परंतु त्यांचा एक गुण विरोधकांनीही मान्य करावा असा आहे. ज्या मताचे खंडन करावयाचे ते मत त्यांस पाठ्यपुस्तकावरून नव्हे, तर गुरूच्या पायाशी बसून कळलेले होते. ज्याची चेष्टा करणे सोपे गेले असते त्याचे त्यांनी कष्टाने विवेचन केले. काशीच्या पाठशाळेत शिकलेली पूर्वपक्षाची शिस्त त्यांनी धर्मांतरानंतरही सोडली नाही. धर्म पालटला, पण विद्येतील प्रामाणिकपणाचा वारसा तोच राहिला, आणि तो त्यांस हिंदू गुरूंकडून मिळालेला होता.

१८६८ साली त्यांस उपधर्मगुरूपदाची आणि १८७० साली धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. १८७६ साली ते ऑक्सफर्डजवळील काउली येथे स्थापन झालेल्या संत योहानाच्या संन्यस्त मंडळात दाखल झाले व पुढील वर्षी भारतात परतले. त्या मंडळात ते नवशिके उमेदवार म्हणूनच राहिले; अखेरची व्रते त्यांनी घेतली नाहीत. ह्याचे कारण त्यांच्या स्वभावात होते. नैयायिकाच्या बुद्धीने त्यांस जन्मभर सुखाने बसू दिले नाही. एक शंका फिटली की दुसरी उभी राही. ज्याने पुष्कळांच्या शंका दूर केल्या त्याच्या स्वतःच्या शंका शेवटपर्यंत सुटल्या नाहीत, आणि त्याने त्या लपविल्याही नाहीत. त्यांची राहणी मात्र अत्यंत साधी, एखाद्या विरक्त हिंदू साधूसारखी होती.

पुणे, मुंबई आणि रमाबाई

आयुष्याची उत्तर वर्षे गोरे ह्यांनी बव्हंशी महाराष्ट्रात घालविली. मुंबई-पुण्याकडे तेव्हा प्रार्थनासमाजाचा जोर होता. रानडे, भांडारकर अशी थोर माणसे त्यात होती. एकच देव, मूर्तिपूजेचा त्याग आणि सदाचार एवढे मानावे, अवतार व प्रकटीकरण मानू नये, हे त्यांचे मत. गोरे ह्यांनी व्याख्याने देऊन आणि पुस्तिका लिहून ह्या मताशी वाद घातला. ह्या काळात ते मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांत लिहीत. दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांचे ऐकत, उत्तरे छापीत आणि पुन्हा भेटत. प्रतिपक्षी म्हणजे शत्रू नव्हे, हे त्या पिढीतील पुष्कळांना ठाऊक होते.

त्यांच्या लेखणीचा सर्वांत मोठा परिणाम ज्या व्यक्तीवर झाला ती स्वतःही सभा जिंकणारी होती. पंडिता रमाबाई! १८५८ साली आपल्याच कर्नाटकाच्या रानात, एका मराठी शास्त्र्याच्या पोटी जन्मलेल्या ह्या कन्येने १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांस आपल्या संस्कृत विद्वत्तेने थक्क केले आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या मिळविल्या. मान हलवून दुसऱ्याचे मत स्वीकारणारी ही बाई नव्हती. ती इंग्लंडात असताना गोरे ह्यांनी तिला भारतातून लिहून पाठविलेल्या लेखनाने तिच्या बुद्धीचे समाधान झाले. ख्रिस्ती धर्म हा ईश्वरदत्त आहे ह्यास प्रमाण काय, असा त्या लेखनाचा विषय होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे तिचा बाप्तिस्मा झाला. तिने पुढे ह्या ऋणाचा उल्लेख केला आहे. विशेष हे की, बाप्तिस्म्यानंतरही तिने आपल्या इंग्रज गुरुभगिनींशी पत्रांतून कडकडून वाद घातला आणि स्वतःची बुद्धी गहाण टाकली नाही. वादपटूने वादपटूस जिंकले, पण कोणी कोणाचा गुलाम झाला नाही.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत फादर गोरे ह्यांचे निधन झाले. त्यांनी सत्तर वर्षांचे आयुष्य भोगले.

त्याच वर्षी जन्मलेला दुसरा वीर

गोरे ह्यांचे चरित्र पुरे समजावयाचे तर त्यांच्यासमोर आणखी एक मूर्ती उभी केली पाहिजे. त्याच १८२५ साली, कोकणात शिरवली येथे, विष्णु भिकाजी गोखले नावाचा मुलगा जन्मला. हेच पुढे विष्णुबुवा ब्रह्मचारी. १८५७ च्या आरंभी मुंबईच्या समुद्रकिनारी दर आठवड्यास त्यांचा मिशनऱ्यांशी जाहीर वाद होई. हिंदू, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती असे सर्व प्रकारचे लोक वाळूत बसून तो ऐकत. मे महिन्यापर्यंत तो चालला. जॉर्ज बोवेन ह्या मिशनऱ्याने त्या वादांचा वृत्तान्त त्याच वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला.

विष्णुबुवाही वाणीकडून लेखणीकडे वळले. १८५९ साली त्यांचा ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ निघाला. १८६७ साली त्यांनी ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहिला. सर्व जमीन सर्वांची असावी, पीक एकत्र साठवून प्रत्येकास गरजेप्रमाणे मिळावे, वस्त्रेही सार्वजनिक भांडारातून मिळावीत, असे विचार त्यांनी त्यात मांडले. कोणत्याही परदेशी पुढाऱ्याचे पुस्तक न वाचता एका कोकणी बैराग्याने हे लिहिले, ह्याचे विद्वानांस आजही नवल वाटते. १८७१ साली ते वारले.

दोघे एकाच वर्षी, एकाच जातीत जन्मले. दोघेही मिशनऱ्यांस निरुत्तर करावयास निघाले. एक ख्रिस्ती धर्मगुरू झाला, दुसरा वैदिक धर्माचा कैवारी राहिला. आम्ही ख्रिस्ती असल्यामुळे आमचे मन कोणाकडे झुकते हे सांगावयास नको. परंतु विष्णुबुवांचा प्रामाणिकपणा आणि त्यांची गरिबांविषयीची कळकळ ह्यांपुढे आम्ही मस्तक नमवितो. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली इतर धर्मांविषयी जे निवेदन काढले, त्यात इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, असा आशय आहे. त्याच वर्षी परिषदेने हेही स्पष्ट केले की, श्रद्धेच्या बाबतीत कोणावर कसलीही बळजबरी होता कामा नये. गोरे आणि विष्णुबुवा ह्यांच्या काळी हे शब्द लिहिले गेले नव्हते. पण समुद्राच्या वाळूत बसून एकमेकांचे ऐकणाऱ्या त्या लोकांनी त्यांचा आरंभ केला होता, असे आम्हांस वाटते.

आपल्या घरांसाठी

हे सर्व आमच्या खेड्यांतील कुटुंबांस कशासाठी सांगावयाचे? आम्हांस तीन कारणे दिसतात.

पहिले असे की, आपली मुले आता शाळा-महाविद्यालयांतून वक्तृत्वाच्या व वादविवादाच्या स्पर्धांत उतरतात. पेला मिळाला की घरी आनंद होतो, आणि तो व्हावाच. मात्र ह्या स्पर्धांत एक युक्ती शिकविली जाते. चिठ्ठी उचलून जी बाजू येईल ती मांडावयाची, मग ती पटो वा न पटो. सरावासाठी हे ठीक आहे. दुसऱ्याची बाजू समजण्यास त्याने मदतही होते. पण जी बाजू पटत नाही ती मांडता मांडता कोणतीच बाजू पटेनाशी होणे, हे मात्र दुर्दैव होय. आईबापांनी मुलास बक्षिसाविषयी विचारावे आणि त्याबरोबर एवढेही विचारावे की, बाळ, तुला स्वतःला काय वाटते?

दुसरे कारण आपल्या भूभागाचे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून आपला सीमाभाग एका मोठ्या वादात राहत आला आहे. त्यात कोणाचे म्हणणे खरे हे सांगण्यास आम्ही येथे बसलो नाही. आम्ही इतकेच पाहतो की एकाच धर्मग्रामात मराठी व कानडी बोलणारी कुटुंबे एकाच वेदीपुढे गुडघे टेकतात. जो मराठी माणूस कानडी शेजाऱ्याचा पूर्वपक्ष त्याला समाधान वाटेल असा मांडू शकेल, आणि जो कानडी माणूस मराठी शेजाऱ्याचा तसा मांडू शकेल, त्या दोघांचे मत निराळे राहिले तरी त्यांचे शेजारपण मोडणार नाही.

तिसरे कारण घरातले. सासूसुनेत, बापलेकांत, भावाभावांत जे खटके उडतात, त्यांत वाद थोडा आणि जल्प फार असतो. मागच्या दहा वर्षांचे उट्टे काढले जाते, समोरच्याचे वाक्य पुरे होऊ दिले जात नाही, आणि शेवटी एकजण जिंकतो व दोघेही रात्री उपाशी निजतात. नीलकंठशास्त्री जिंकावयास गेले आणि ऐकू लागले. ऐकल्यामुळे त्यांस जे मिळाले ते त्यांनी आयुष्यभर सर्वांत मौल्यवान मानले. त्यासाठी जे गमावले तेही काही थोडे नव्हते. प्रत्येकाच्या वाट्यास एवढी मोठी कसोटी येत नाही. आपल्या वाट्यास येते ती लहान कसोटी : समोरच्याचे म्हणणे पुरते ऐकून घेणे, ते त्याच्याच शब्दांत त्याला परत सांगून ‘तुझे म्हणणे हेच ना?’ असे विचारणे, आणि मगच आपले तोंड उघडणे. आजच्या रात्रीच्या जेवणाच्या वेळी हा प्रयोग करून पाहावयास कोणत्याही पाठशाळेत जावे लागत नाही.